बिनमिठाची कणीक

ओल्या कणकेचा वास आला की मला त्र्याण्णव सालातली सासरची पहिली संध्याकाळ आठवते. माहेरी, कळंबला, वडील गावातल्या पोरांना पखवाज शिकवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय त्याला घुमारा येत नाही, आणि ती कणीक बिनमिठाची लागते. ती मळून द्यायचं काम माझं. "मीठ न्हाय ना घातलं?" एवढंच वडील रोज विचारायचे आणि "न्हाय, आबा" म्हणून मी चुलीपाशी परत यायचे. पोरांचे बोल ऐकून माझी बोटं परातीच्या काठावर चालायची, पण मला शिकवावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा. बारामतीला सासरी पहिल्यांदा कणीक मळायला बसले आणि सवयीनं, मीठ घालायच्या आधी, एक गोळा बाजूला काढला. सासूबाईंनी विचारलं, "ह्यो कुणाला गं?" मी म्हणाले, "पखवाजाला." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आपल्यात कुठं हाय पखवाज?" म्हणाल्या आणि पाणी भरायला बाहेर गेल्या. मी एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर तो गोळा थापला आणि तळहातानं एकच थाप मारली. नुसता पत्रा वाजला. "काय पडलं गं?" बाहेरून आवाज आला. "काय न्हाय," म्हणत मी गोळा परातीत मिसळला आणि वर मीठ घातलं. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली, विचारणारं कुणी उरलं नाही. तरी मीठ मी अजून शेवटीच घालते.