पाच सऱ्यांची साक्ष

कुरुंद्याच्या शिवारात माझ्याइतका फेकणारा माणूस दुसरा नाही, आणि एवढं वाक्य मात्र खरं आहे. मी पाहिलेला नाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावत नाही. माझ्या म्हशीच्या एका धारेनं बादली भरते, मग हौद, मग ओढ्याला दूध वाहतं. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातून मुंगी निघाली का गावात हत्ती पोचतो." अशा माणसाला देवानं आपल्या मंडळीत काय म्हणून घेतलं, ते त्यालाच माहीत.

मंडळी लहान आहे. पत्र्याची खोली, वीस-पंचवीस माणसं, एक ढोलकी, आणि दर रविवारी कुणाची तरी साक्ष. म्हणजे उभं राहून सांगायचं, मी आधी कसा होतो आणि येशूनं मला कसं बदललं. तिथं मला उभं करणं म्हणजे बोकड कोथिंबिरीच्या वाफ्यात सोडणं.

माझी साक्ष दगडाची होती. वाटणी झाली तेव्हा वडलांनी माझ्या आणि दादाच्या रानामध्ये, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, एक काळा दगड पुरला. म्हणाले, "ह्यो मधी बसला, आता तुमी भांडू नका." पुढं कुणीतरी त्याला शेंदूर लावला, नारळ फुटायला लागले, हद्दीच्या दगडाचा देव झाला. दादा वारला. नंतर मी बाप्तिस्मा घेतला. त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, सगळं गाव निजलेलं असताना मी पहार घेऊन गेलो, दगड उपटला आणि ओढ्यात लोटून दिला. गावाला सांगितलं, मी आता दगडाला मानत नाही.

मंडळीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो दोन गड्यांना हलत नव्हता. दुसऱ्यांदा त्याला दहा बैल लागले. तिसऱ्यांदा त्याच्याखालून धूर निघाला, आणि चौथ्यांदा प्रत्यक्ष सैतान निघाला. मी येशूच्या नावानं त्याला असा दमात घेतला की तो वसमतच्या स्टँडवर जाऊन पहिल्या एसटीत बसला. लोक टाळ्या वाजवायचे. मोबाइलवर घेऊन पाहुण्यांना पाठवायचे.

एक गोष्ट मात्र मी कधीच सांगितली नाही. दगड गेला तसा त्या जूनमध्ये मी धुराही नांगरून टाकला, आणि वहिनीच्या रानात पाच सऱ्या आत जाऊन हळद लावली. दगडच नाही तर हद्द कुठली?

वहिनी एकदा आली. डोक्यावर पदर, हातात विळा.

"भावजी, त्यो तुमचा देव न्हाई, कबूल. पण माझी हद्द व्हता ना त्यो?"

"वहिनी," मी म्हणालो, "दगडात काय ठेवलंय? हद्द मनात असावी."

ती विळा घेऊन निघून गेली. हे वाक्यसुद्धा मी साक्षीत घातलं. दोघांनी वहीत उतरवून घेतलं.

आता पुढचं सांगतो. ते कुणाला पटलेलं नाही, आणि दोष माझ्याच तोंडाचा आहे.

पुढच्या चैत्रात दुपारी बाभळीखाली पडलो होतो. पाखरू नाही, वारा नाही. आणि धुऱ्याच्या बाजूनं आवाज आला: खण्ण. दगडावर पहार पडावी तसा. उठून बघितलं, कुणी नाही. पुन्हा डोळे मिटले. खण्ण. त्यानंतर रोज, त्याच वेळेला, तीन-चारदा.

मग खड्डा. दगड होता तिथं गुडघाभर खड्डा दिसला. बुजवला. वरून ट्रॅक्टर फिरवला. आठ दिवसांनी खड्डा परत तिथंच, काठ गुळगुळीत, तळ ओला. आमच्या काळ्या रानाला चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ह्याचा तळ ओला! मी पुन्हा बुजवला, तो पुन्हा उघडला. असे आणखी दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या वर्षी हळद शिजवायला कुकरवाला आला. बाकीचा माल तासाभरात शिजला, हळकुंडात काडी लोण्यात गेल्यासारखी गेली. त्या पाच सऱ्यांचा माल वेगळा निघाला होता. त्यात काडीच जाईना. तीनदा वाफ दिली. कुकरवाला घाम पुसत म्हणाला, "काका, ह्यो माल खडकातून काढला का?" मी एक हळकुंड मोडलं. वरून हात पोळत होता, आणि आतून ते गार होतं. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखं गार. मी ते फेकून दिलं, पण बोटांचा गारवा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

गावात सांगितलं तर लोक म्हणाले, "मग त्यातून हत्ती निघाला का न्हाई?"

वहिनीच दुपारी येऊन उकरते, असा माझा वहीम. कडब्याच्या गंजीमागं दोन दुपारी दबा धरून बसलो. कुणी आलं नाही. तिसऱ्या दुपारी खड्ड्याकडं बघत असताना काठाची माती हलली. मला वाटलं, आत घसरेल. ती बाहेर आली, मूठ-मूठ, सावकाश, आतून कुणी सारत असल्यासारखी. मी चप्पल तिथंच सोडून घरी आलो.

त्या रविवारी साक्षीला उभा राहिलो. नेहमीसारखं म्हणालो, "आणि मी पहार मारली..." तोच डोक्यावरच्या पत्र्यावर: खण्ण. कुणाचीही मान वर झाली नाही. मी साक्ष तिथंच सोडून खाली बसलो.

आमचे पाळक, म्हणजे पास्टर, एरवी मोटारी दुरुस्त करतात, विहिरीवरच्या. माणसं गेल्यावर माझ्याजवळ बसले. "भाऊ, तुमची साक्ष दर रविवारी वाढून राहिली. सैतानाचं पाप त्यात लई हाय. तुमचं कोणतं?"

मी सगळं सांगितलं. पाच सऱ्यांसकट.

"देवाजवळ रडलात?"

"रडलो की. दोन बादल्या."

"मग हद्द सरकली का मागं?"

मी म्हणालो, "पास्टर, दगड परत बसवला तर लोक म्हणतील, ह्यो मागं फिरला, दगड पुजायला लागला. मंडळीत तोंड कसं दाखवू?"

"म्हणणाऱ्यांना माझ्याकडं धाडा. दगड मात्र तुमीच उचला."

दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरलो. दगड पालथा पडला होता. उलटा केला तर शेंदूर तसाच, तीन पुरांनीही न धुतलेला. खांद्यावर घेतला. दहा बैल सोडा, मला एकट्याला दोनदा टेकून नेता आला. खरं सांगतो, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तो इतका लहान होता. त्याच्याएवढंच माझं पाप होतं, आणि ते झाकायला मी केवढा सैतान उभा केला होता! वाटेत प्रार्थना केली. आयुष्यात पहिल्यांदा काही वाढवलं नाही. प्रभू, मी चोर आहे. एवढंच.

वहिनीला रानात बोलावलं आणि तिच्यासमोर हेच म्हणालो.

"मला दिसत नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "पाच सऱ्या हायत त्या, भावजी, पाच शेवया न्हाईत."

"वहिनी, खड्डा तुमी उकरून राहिल्या का?"

"मी काहून उकरू? त्या दिवसापून इकडं पाऊल टाकलं न्हाई."

दगड खड्ड्यात सोडला. तो बसला, हिरडीत दात बसावा तसा, बोटभर फट नाही. कडेची माती दाबताना पहार दगडाला लागली: खण्ण. हा आवाज माझा होता. आम्ही दोघंही थांबलो. दुसरा आला नाही. आजपर्यंत आला नाही.

वहिनीनं पदरानं दगडावरचा गाळ पुसला. "नारळ फोडला तर तुमच्या देवाला चालंल का?"

"रान तुमचं, वहिनी. मला पलीकडं जाऊ द्या."

मी दगड ओलांडून माझ्या रानात आलो तेव्हा ती मागून म्हणाली, "मंडळीत सांगा आता. पण झालं तेवढंच सांगा."

रविवारी उभा राहिलो. देव सोडला म्हणून दगड उपटला असं सांगत होतो, पण वहिनीचं रान घ्यायला उपटला होता. सोमवारी तो परत बसवला, रान परत दिलं. एवढं बोलून थांबलो. लोक धुराची वाट बघत होते. ढोलकीवाल्यानं विचारलं, "पुढं?"

"पुढं काही न्हाई," मी म्हणालो. "पाच सऱ्या. दोनदा मोजल्या."