देवाला नेमकं काय विचारलं

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. काळ्या दगडाची उभी मूर्ती आहे. गुरव तिच्या छातीवर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाने हो म्हटलं, डावी पडली तर नाही. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, भावाभावांत वाटणी करायची, सगळं त्या पाकळ्यांना विचारून व्हायचं. मुंबईला येऊन आमच्या घरातल्यांची तिसरी पिढी झाली, गिरण्या गेल्या, तरी कौल सुटला नाही. उलट हातात मोबाईल आल्यापासून सोयीचा झाला. आता गावी जावं लागत नाही. गावचे चुलत दीर देवळात फोन धरून उभे राहतात आणि लालबागच्या खोलीत बसून आम्ही व्हिडिओवर बघतो.

मला गाठ लागली ती अंघोळ करताना. साबण लावताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढं काहीतरी बोटाखाली सरकलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं मी मनाशी धरलं आणि गप्प राहिले. ते काही जाईना. मग एकदा थोरल्या जाऊबाईंबरोबर तांदूळ निवडत बसले होते तेव्हा त्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे हात लावून दाखवलं. तो शब्द माझ्या तोंडून तेव्हा निघालाच नाही. त्यांनी ती गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवली. थोरले दीर कामावरून आले आणि चहाबरोबर त्यांना कळलं.

त्याआधी मुलीला कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला सर्वांत शेवटी कळलं. ती नोकरी करते, सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आमच्या चाळीच्या गॅलरीतून त्या हॉस्पिटलचे वरचे मजले दिसतात, इतकं ते जवळ. डॉक्टरीण मुलीच्याच वयाची होती. तिने पडदा ओढला, हाताने नीट तपासलं, फोटो काढायला पाठवलं, आणि म्हणाली, सुई घालून आतला तुकडा काढून तपासावा लागेल. मुलीने विचारलं, काय वाटतंय तुम्हाला? ती म्हणाली, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

खरं बोलली ती. पण ‘सांगता येणार नाही’ हे ऐकून घरी चालत येणं फार वाईट. तिने एखादं वाईट नाव घेतलं असतं तरी पायाखाली काही लागलं असतं. मी चालत होते आणि रस्ता दिसत नव्हता.

घरी थोरले दीर, म्हणजे आमचे भावोजी, आमच्या खोलीत येऊन बसले होते. ते भावजयीशी सरळ बोलत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. माझ्याबद्दल जे बोलायचं ते ह्यांच्याकडे बघून बोलतात. ते म्हणाले, सुई लावायची नाही. सुई लागली की ते चवताळतं, अंगभर पसरतं. त्यांच्या आईचं तसंच झालं होतं. सासूबाईंच्या पोटात गाठ होती, पोट उघडलं आणि तसंच शिवून परत दिलं, आणि त्या उठल्याच नाहीत. का उघडलं, आत काय होतं, पुन्हा का शिवलं, हे तेव्हा कोणी समजावून सांगितलं नाही. भावोजी तेव्हा तरणे होते, हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून रडले होते, असं जाऊबाई सांगतात. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एवढंच बसलंय की चिरलं म्हणून आई गेली. गाठ आधीच पसरली असेल हे त्यांना कोण सांगणार? त्यांना कोणीतरी कारण द्यायला हवं होतं. कोणी दिलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच एक करून घेतलं.

म्हणून कौल लावायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, पण मीही नको म्हटलं नाही.

आता देवाला विचारायचं काय? इथे सगळं घोडं अडलं. ह्यांनी गावच्या चुलत दिरांना फोन लावला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलू लागले. मला आतून ऐकू येत होतं. हे म्हणाले, हिच्या अंगावर गाठ आली आहे. तिकडून विचारलं असणार की कुठे, कारण हे म्हणाले, ‘असू दे रे, अंगावर. बायकांचं आहे.’ चुलत दिरांनी गुरवाला त्याहून कमी सांगितलं. ऑपरेशन हा शब्द कोणी काढला नाही, त्या आजाराचं नाव तर आमच्याकडे काढतच नाहीत, नाव घेतलं की घरात येतो म्हणतात. देवाच्या छातीवर पाकळ्या लावायला कोणाला लाज वाटत नाही. माझ्या छातीचं नाव घ्यायला मात्र तिन्ही पुरुषांची जीभ वळेना.

रविवारी सकाळी सगळे आमच्या खोलीत जमले. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर देवळाचा अंधार, समईचा उजेड आणि ओला काळा दगड. चित्र मधेच अडकायचं. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

“बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां मुंबयत पोट भरूक गेलीत. तेंच्या घरात जी काय पिडा इली हा, ती तुझ्या पायाकडे घे आणि काय तो बरो मार्ग दाखव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. चाळीतल्या खोलीत, डब्याला टेकवलेल्या फोनसमोर हात जोडून.

थोड्या वेळाने तिकडून चुलत दीर ओरडले, “उजवो! उजवो दिल्यान!”

जाऊबाईंनी फोनमागचा डबा उघडून माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली. ह्यांनी डोळे पुसले. खोटं कशाला लिहू, माझ्याही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ‘होय’ म्हटलं होतं.

मुलगी दारापाशी उभी होती. ती म्हणाली, “काका, पण विचारलं काय नेमकं?”

“म्हणजे काय? बरी होईल का, ते विचारलं. देव हो म्हणाला.”

“ऑपरेशन करून बरी होईल, की न करता?”

“न करता. करायचं असतं तर डावा दिला असता.”

“असं कोणी ठरवलं? मला तर ऐकू आलं की बरा मार्ग दाखव. मार्ग म्हणजे हॉस्पिटलपण असेल ना?”

“देवाला काय वकिलासारखे प्रश्न विचारतात गो?”

“मग उत्तर का वकिलासारखं लावताय?”

ह्यांनी तिला गप्प केलं. तरी त्यांच्याही मनात ते राहिलं असावं, कारण त्यांनी गावी पुन्हा फोन लावला आणि गुरवालाच विचारलं की या कौलाचा अर्थ काय घ्यायचा. गुरव म्हणाला, “तुमच्या मनात काय होता तां देवाक ठावक. एकदा दिलेलो कौल परत मागूचो नाय.” बिचाऱ्याचं चुकलं नाही. त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्याने घातलं.

भावोजींच्या मनात होतं, चिरायचं नाही. ह्यांच्या मनात होतं, भावाचा शब्द मोडायला लागू नये आणि बायकोही बरी व्हावी. एका पाकळीने दोघांनाही हवं ते दिलं. ठरलं की गणपती होऊन जाऊ देत. मग पितृपक्षात कोण हॉस्पिटलात जातं, म्हणून नवरात्र. वाटाण्याची सुपारी झाली. मुलगी रोज भांडायची, मग रोज रडायची, मग बोलेनाशी झाली. गॅलरीत कपडे वाळत घालताना हॉस्पिटलची इमारत समोर दिसायची, तेव्हा मी पाठ करून उभी राहायचे.

कौल पहिल्यांदा कोणी लावला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या घरात पोर तापाने फणफणलेलं असेल. बाहेर रान, मधे पुराची नदी, आणि ताप का येतो हे सांगणारं जगात कोणी नाही. नुसतं बसून बघायचं माणसाला जमत नाही. त्याने दगडाला विचारलं. दगड बोलेना, म्हणून पाकळ्या लावल्या. पोर जगलं तर त्याने तो दगड पुजला, मेलं तर आपलं काही चुकलं म्हणून आणखी पुजला. त्याला मी हसत नाही. मी त्याच्यासारखीच घाबरले आहे. पण त्याच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. आमच्या समोर दिवे लावलेली एवढी मोठी इमारत होती, तिथे एक शहाणी पोरगी पडदा ओढून सांगत होती की तपासू द्या, मग कळेल. आम्हाला कळायलाच नको होतं. त्या जुन्या माणसाला अंधाराची भीती होती, आमच्या घराला उजेडाची झाली.

शेवटी काखेत दुसरी गाठ लागली आणि हात वर होईना, तेव्हा हे स्वतः म्हणाले, चल. भावोजी त्या दिवशी लवकर कामावर निघून गेले. डॉक्टरणीने मला ओळखलं. तिने विचारलं, मध्ये इतके दिवस कुठे होतात? हे म्हणाले, गावी जरा काम निघालं होतं. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. तिला असली गावची कामं रोज ऐकायला मिळत असतील.

सुई लावली. मग ऑपरेशन झालं. लवकर आला असतात तर नुसती गाठ काढून भागलं असतं, असं मला नर्सने सांगितलं, डॉक्टरणीने नाही. उजवी बाजू पूर्ण काढली. मग केस गेले, नखं काळी झाली, जेवणाला पत्र्याची चव आली. शेजारची एक बाई तिच्या गरोदर सुनेला माझ्या दारावरून जाऊ देईना, गॅलरीच्या दुसऱ्या जिन्याने पाठवायची. जाऊबाई जेवण करून आणायच्या, मनापासून आणायच्या, पण माझा पेला त्यांनी वेगळा काढून ठेवला. लागत नाही हो हे, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे गो, तरी.

‘तरी’. सगळा धर्म त्या एका शब्दात बसतो असं मला तेव्हा वाटलं.

मी उठून हिंडायला लागले तेव्हा भावोजींचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. ह्यांना म्हणाले, “बघितलंस? उजवा दिला होता की नाही?” चाळीत येईल त्याला हे सांगायला लागले. जी छाती गेली ती देवाच्या हिशेबात कुठे धरलीच नव्हती. मी जिवंत आहे म्हणजे कौल खरा. मी मेले असते तर सुईने मेले असते.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी ठरली. परत आलंय का ते बघायचं. त्याआधी देवाचे आभार मानायचे आणि पुढचं विचारून घ्यायचं म्हणून पुन्हा सगळे जमले. पुन्हा तोच ओला दगड पडद्यावर. या वेळी फोन भावोजींनी हातात धरला होता. मी आदल्या दिवशी ह्यांना सांगितलं होतं की माझं नाव घालून काही विचारू नका. हे बरं म्हणाले होते. गुरवाने सुरुवात केली ती माझ्यापासूनच. “वयनींक तू संभाळलंस रे म्हाराजा...” आणि सगळ्यांनी व्हय म्हटलं.

गाऱ्हाणं चालू असताना उठायचं नसतं. मी उठले. भांडले नाही, मला भांडता येत नाही. चपला घातल्या आणि जिना उतरले. मिरची कांडतात त्या गल्लीतून गेले, शिंका आल्या, नाक-डोळे वाहायला लागले. तिथे सगळ्यांचेच वाहतात, म्हणून कोणी वळून बघितलं नाही. मनसोक्त डोळे पुसले, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि परत आले.

सगळे तसेच बसलेले. भावोजींचा हात अवघडला होता, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला होता. दोन्ही पाकळ्या दगडाला तशाच चिकटलेल्या. कौल अडला होता. गुरवाने तीनतीनदा पाणी मारलं, गाऱ्हाणं फिरवून घातलं, तरी एकही पडेना. शेवटी तो म्हणाला, कोणाचं तरी मन फाटलेलं आहे. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच सगळ्यांच्या मनात कोण आहे ते कळलं.

तपासणी झाली. रिपोर्ट उद्या मिळणार आहे. चांगला आला तर देवाने माझा अपराध पोटात घातला. वाईट आला तर मी उठून गेले म्हणून. घरात हे ठरून गेलंय, फक्त बोलत नाहीत. भावोजींनी जाऊबाईंच्या हाती निरोप पाठवला आहे की पाकीट न फोडता घरी आणायचं, देवापुढे ठेवायचं, मग उघडायचं.

आणि काल कांदा चिरताना माझ्याच मनात आलं, बसले असते तर काय बिघडलं असतं? हे मनात आलं याचा मला फार संताप आला. भीती कुठून येते ते मी एवढं पारखून बघितलं, तरी ती येते ती येतेच, आणि आली की पहिल्यांदा माझेच हात जोडते.

मुलीला उद्या रजा मिळाली नाही. मी एकटीच जाणार आहे. मला मराठी वाचता येतं, रिपोर्ट इंग्रजीत असतो. पाकीट मी तिथेच फोडणार आहे आणि जो कोणी पांढरा कोट घातलेला समोर येईल त्याला विचारणार आहे, माझ्या छातीच्या कॅन्सरचा रिपोर्ट आहे, तो परत आलाय का? हे वाक्य मी मघाशी मोरीत नळ सोडून दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा आवाज कमी कापला.