फाटक्या आवाजाचा डबा

बिघडलेल्या अँप्लिफायरला अक्का आधी हातच लावायच्या नाहीत. "वाजव," म्हणायच्या. गिऱ्हाईक सांगू लागलं की आवाज मध्येच जातो, खरखर येते, तर त्याला बोटानं गप्प करायच्या. सेट त्यालाच जोडायला लावायचा आणि आपण डोळे मिटून, मान जराशी डावीकडे कलती करून ऐकत बसायचं. मिनिटभरानं डोळे उघडले की आजार सांगून मोकळ्या. आणि तो खरा निघायचा.

अमळनेरला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. यजमानांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. ते लग्नाला, सभेला कर्णे बांधायला जायचे आणि जळालेले सेट घरी आणून टाकायचे. अक्कांनी स्वयंपाक उरकून ते उघडायला सुरुवात केली. यजमान गेले, भाड्याचा धंदा बंद झाला, पण दुरुस्ती चालूच राहिली. भजनी मंडळं, बँडवाले, मशीद, शाळा, सगळ्यांचे सेट तिथंच यायचे. अक्कांच्या हाताखालून गेलेला सेट फाटत नाही, अशी ख्याती होती. कर्णा मोठा केला की शब्द जाऊन नुसती करकर उरते, त्याला आमच्याकडे आवाज फाटला म्हणतात. अक्कांना त्याची शिसारी होती. रस्त्यानं एखादी वरात फाटक्या आवाजात गेली तर त्या पदर कानावर घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कोणी तरी त्या मशीनचा जीव घेतंय."

अशा बाईकडे मी काय घेऊन जावं? तर आवाज मुद्दाम फाडायचं यंत्र.

मी शिंदखेड्याला एका सरकारी कचेरीत कारकून आहे, रोज रेल्वेनं जातो-येतो. कॉलेजात असताना गिटार वाजवायचो, ती चाळिशीला टेकल्यावर पुन्हा काढली. गिटारीचा आवाज जाडजूड, गुरगुरता करणारी एक पेटी असते, डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. पायानं दाबायची. विकत मिळते, पण आपल्या हातानं करायची असं माझ्या डोक्यात भरलं. बायको म्हणाली, "करा की. बी.एड. अर्धवट आहे, तबला अर्धवट आहे, गच्चीवरच्या टाकीचं प्लास्टर अर्धवट आहे. त्यांना सोबत होईल." हे मला फार लागलं, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढी एक गोष्ट तरी शेवटाला न्यायचीच, अशी मी मनाशी गाठ मारली.

इंटरनेटवरून जोडणीचा नकाशा उतरवला, जळगावहून भाग आणले आणि दोन रविवारांत सर्किट जोडलं. पहिल्याच झटक्यात वाजलं. मी इतका हुरळलो, की तसंच ते घरातल्या एका स्टीलच्या डब्यात बसवलं आणि झाकण कायमचं चिकटवून टाकलं. आठ दिवसांनी डबा मुका झाला.

तो घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला, झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. "उघडतो कुठून?"

"चिकटवलाय."

चिडल्या किंवा खूश झाल्या की अक्का अहिराणीत शिरायच्या, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "डबा शे का समाधी शे हाई?" म्हणाल्या.

छिन्नीनं झाकण काढावं लागलं. आत पाहून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. प्रत्येक जोडाभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुललेलं होतं. "सोल्डर करताना काय लावलंस?"

मी अभिमानानं सांगितलं. लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला यायचा. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की कथील कसं सरसर पसरायचं, ते डोळ्यांसमोर होतं. सोल्डर नीट धरेना, तेव्हा मी किराणा दुकानातून नवसागर आणला होता. अक्कांना असं हसू फुटलं, की हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा लागला. "हाई परात शे का रे भो, कल्हई कराले?" नवसागर तांबं खातो, म्हणाल्या, भांड्याला ठीक, ते लगेच धुतात. इथे राळ लावायची. "बठ्ठं सोड, एकूण एक जोड. ब्रशनं धू. परत जोड."

मी भीत भीत म्हटलं, "अक्का, तुम्हीच करून द्या ना."

"मी केलं तर तो माझा होईल. तुला कुणाचा पाहिजे?"

त्याच बोलण्यात त्यांनी सांगितलं, की दिवाळीनंतर त्या मुलाकडे नाशिकला जाणार, कायमच्या. दुकान बंद. दिवाळीला दीड महिना होता. अक्का गेल्या की हा डबाही त्या टाकीच्या प्लास्टरशेजारी जाऊन पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग माझी शाळा सुरू झाली. स्टेशनवरून घरी न जाता थेट अक्कांकडे. त्या चहा द्यायच्या, सर्किटला मात्र बोट लावायच्या नाहीत. सगळं धुऊन परत जोडलं तरी डबा मुकाच. माझा संशय आठ पायांच्या चिपवर. दोन नव्या चिपा आणून बसवल्या, फरक शून्य. अक्का बघत होत्या. तिसरी आणतो म्हटल्यावर म्हणाल्या, "आवाज हरवत नाही. कुठं तरी थांबतो. तो कुठं थांबला ते आधी बघ, मग कुणावर आळ घे." त्यांनी एका वायरच्या टोकाला कंडेन्सर लावून दिला आणि दुसरं टोक अँप्लिफायरला जोडलं. गिटारीची तार छेडायची आणि ते टोक सर्किटवर एकेका जोडाला टेकवत पुढं जायचं. इथं आवाज आहे, इथं आहे, इथं आहे, आणि या जोडाच्या पलीकडे नाही. नवसागरानं खाल्लेली केसाएवढी तांब्याची पट्टी तुटली होती. चिप बिचारी निर्दोष. कचेरीतसुद्धा मी आता फाईल हरवली असं म्हणत नाही, ती कुठं थांबली ते शोधतो.

एकदा त्यांनी विचारलं, की हे दोन डायोड पाठीला पाठ लावून कशाला बसवलेत. मी सांगितलं, आवाजाची लाट वाढली की ते तिचं डोकं छाटतात, त्यानंच गुरगुर येते. अक्का गंभीर झाल्या. "मी जन्मभर लोकांच्या आवाजाचं डोकं वाचवलं," म्हणाल्या. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्या बराच वेळ त्या डायोडांकडे पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शिंपीपण कापड फाडतो. पण मापानं फाडतो. हे तसं दिसतंय." चाळीस वर्षं ज्याचा राग केला, ते त्यांनी नव्यानं समजून घेतलं. मी तरी दुसरा कुणी असा पाहिला नाही.

भाऊबीज झाली. अक्कांची खोली रिकामी होत आली होती, भिंतीवर नुसते खिळे होते. सर्किट उघडंच घेऊन गेलो. "वाजव," त्या म्हणाल्या. मी तार छेडली. खोली गुरगुरली. अक्कांनी डोळे मिटले, मान डावीकडे कलली. पदर कानाकडे गेला नाही. खूप वेळानं म्हणाल्या, "साफ फाटतो." एवढं बोलून हसल्या. "आते झाक."

झाकणाला मी या वेळी स्क्रू लावले होते. बसवणार तेवढ्यात त्यांनी पेन्सिल पुढे केली. सेट उघडला की आत नाव, तारीख आणि काय केलं ते लिहायचं, ही त्यांची रीत. मी म्हटलं, "तुमचं लिहितो." "मी हात लावला का?" झाकणाच्या आत कागद चिकटवून त्यावर मी माझं नाव लिहिलं, तारीख टाकली. त्यांनी वाचलं. "बस, एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." त्यांनी पेन्सिल परत घेतली. मला वाटलं, आभार लिहायला हवे होते की काय, पण आता पुन्हा पेन्सिल मागायची लाज वाटली.

नाशिकहून त्यांचा अधूनमधून फोन यायचा. "वाजव," म्हणायच्या आणि मी फोन स्पीकरसमोर धरायचो. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. त्या दिवशी कचेरीत बसून मी रडलो, सांगायला लाज कशाची.

गेल्या महिन्यात शिंदखेड्याजवळच्या एका गावचे आबा त्यांच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर घेऊन कचेरीतच आले. म्हणाले, अक्का नाहीत, आणि तुम्ही त्यांच्याकडे बसायचात म्हणे. मी नाही म्हणणार होतो. तोंडून निघालं, "घरी आणा. वाजवून दाखवा."

रविवारी त्यांनी आणला. आवाज कुठं थांबतो ते पाहिलं, एक जोड सुटला होता, तो केला. झाकणाच्या आत पेन्सिलीनं अक्कांच्या अक्षरात चार नोंदी होत्या. तीन साध्या. चौथी अशी: "मागच्या खेपेला कंडेन्सर उलटा बसवला होता. चूक माझी. अक्का."

आबा गेले. त्यांच्या सेटमध्ये अक्कांच्या नोंदींखाली मी माझं नाव आणि काय केलं ते लिहिलंच होतं. मग आत जाऊन माझा डबा आणला, चारही स्क्रू काढले आणि माझ्या नावाच्या वर, उरलेल्या जागेत, लिहिलं: "आधी नवसागर लावला होता. चूक माझी."

बायको दारात उभी होती. म्हणाली, "परत उघडलात? झाला होता ना पुरा?"

"आत्ता झाला," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.