बिराप्पाच्या मेंढ्याची अब्रू

आमच्या वडूजकडच्या माळावर बिराप्पाइतका हट्टी माणूस नाही आणि त्याच्या मेंढ्याइतका देखणा मेंढा नाही. त्याची पैदास पार कर्नाटकापर्यंत गेली आहे. पुतण्या शिवतेजने मेंढ्याची वेबसाइट काढली आणि गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून मेंढा मेंढीवर सोडल्याचे व्हिडिओ टाकले. धंदा जोरात सुरू झाला.

मग नवा नियम आला. अश्लील साइटींनी नावापुढे ‘अ‍ॅडल्ट’ लावून वेगळ्या पत्त्यावर जायचं. साइटचे पत्ते विकणाऱ्या कंपनीच्या यंत्राने व्हिडिओ बघितले आणि मेंढ्यालाही त्याच रांगेत उभं केलं. त्या पत्त्यावर कोणता घरंदाज शेतकरी मेंढा बघायला जाईल? मान्य नसेल तर वकील लावून भांडा, जिंकलात तरी खर्च तुमचाच, असं कंपनीने वर कळवलं. काय हा न्याय! चूक त्यांची आणि भुर्दंड आम्हाला!

“केस लढनार,” बिराप्पा गरजला. “पर खर्च माझ्या एकट्याचा न्हाई. ज्याच्या दावणीला ह्याची पिल्लं हायेत, त्यानं वर्गणी द्यावी.”

बोलणं रास्त होतं. लोकांनी वर्गणी दिली, पण नाव गुप्त ठेवायच्या अटीवर. गोळा केली धनाजीने, कारण जत्रेची वर्गणीही तोच गोळा करतो. आणि आमच्याकडे वर्गणी दिली की कुस्त्यांच्या मैदानात नाव पुकारलं जातं. जत्रेच्या दिवशी मैदानात धनाजीची जीभ सवयीने सुटली.

“अश्लील साइटच्या केससाठी, सुभेदार हंबीरराव यांच्याकडून पाचशे एक!”

टाळ्याही सवयीनेच पडल्या. मग ‘अश्लील’ हा शब्द लोकांच्या ध्यानात आला. सुभेदारीणबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

“त्यो हंबीरराव दुसरा असंल,” सुभेदार पुटपुटले. सीमेवर न डगमगलेला माणूस! पाठोपाठ बाकीचेही “आमचं पैसं परत दे” म्हणू लागले. बिराप्पा जत्रेत मिरवायला आणलेल्या मेंढ्याची दोरी धरून खाली बसला. त्याचा तो पडलेला चेहरा बघून मला सगळ्या गावाचा संताप आला.

तेवढ्यात बायकांतून धोंडुबाई उठली. नवरा गेल्यावर तिने याच मेंढ्याची चार पिल्लं वाढवून संसार सावरला होता.

“धनाजी, माजं नाव पुकार. मोठ्यानं. ह्या मेंढ्यावर माजी लेक उत्कर्षा नर्स झाली. मला कशाची लाज?”

धनाजीने पुकारलं. टाळी एकट्या बिराप्पाने वाजवली. मग सुभेदार उभे राहिले, बायकोकडे न बघता.

“धनाजी, त्यो हंबीरराव मीच रं. पुन्यांदा पुकार. हुद्द्यासकट.”