खंडेनवमीला पुजलेलं मशीन

नाशिकच्या एका खासगी रक्तपेढीत संगणक मीच बसवला होता. भांडून, वाद घालून त्यांचं कागदी रजिस्टरही मीच बंद करवलं. पुढे कळलं, त्या यंत्राच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, दोष होता. डिस्कवर लिहून झालं असं कर्नल सांगायचा, पण लिहिणं बाकी असतानाच मशीन बंद करायचा. शेवटच्या काही नोंदी हवेत विरायच्या.

यावर मी तोडगा काढला होता. मशीन एरवी रात्रंदिवस चालूच असायचं, बंद फक्त अपडेटच्या वेळी मी करायचो. अपडेट करताना आधी नोंदी डिस्कवर उतरवण्याची आज्ञा तीनदा द्यायची, शंभरपर्यंत सावकाश मोजायचं आणि मगच मशीन बंद करायचं. हे मी रक्तपेढीत कुणालाच सांगितलं नाही. दोष कबूल केला तर गिऱ्हाईक हातचं जाईल, असा माझा हिशोब.

खंडेनवमीला गर्दी कमी म्हणून अपडेटला गेलो. नवीन कर्नल चढवला आणि मशीन बंद करण्याआधी, ते विकणाऱ्या कंपनीला त्या दोषाचा जाब विचारायला समोरच्या एसटीडी बूथवर गेलो. पलीकडचा माणूस म्हणाला, "दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. तुमचंच काहीतरी चुकत असेल." मी तिथेच आवाज चढवला. पंधरा मिनिटं भांडलो.

परत आलो तर मशीन काळंठिक्कर. वर झेंडूची माळ, समोर उदबत्ती. पंचवटीतले गुरुजी पूजा आटोपून गेलेसुद्धा.

"ताई, बंद कुणी केलं?"

"मीच. चालू यंत्राची पूजा करतात का कुठं?" रक्त तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. "गुरुजींना अजून सहा दुकानं करायची होती. तुम्ही शिकवलं तस्संच केलं हो, भाऊ. सकाळच्या पिशव्यांची नोंद केली आणि बंद."

मशीन चालू केलं. नवीन कर्नल अर्ध्यात अडकला. जुना मी राखून ठेवला होता, त्यावर उठलं. सकाळच्या अकरा पिशव्यांच्या नोंदी मात्र नव्हत्या. त्यांतल्या कुठल्या पिशव्या कावीळ-एड्सच्या तपासणीत नापास झाल्या होत्या, हे फक्त त्या नोंदींत होतं. तपासणीच्या पट्ट्या जाळायला गेलेल्या.

तेवढ्यात खिडकीवर घोटीकडचा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. बायको बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. तिच्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, दोन्ही सकाळच्या.

"दोन्ही चांगल्याच होत्या बहुतेक," ताई पुटपुटल्या. "एक नापास होती, पण ती दुसऱ्या गटाची... असावी. काय करू, भाऊ? देऊ?"

बाहेरून तो माणूस म्हणाला, "लवकर करा हो. डॉक्टर लय घाई करत्यात."

मी आयुष्यभर समोरच्याला पटवत आलो. 'द्या' म्हटलं असतं तर त्यांनी दिली असती आणि माझा दोष कुणालाच कळला नसता.

"नका देऊ," मी म्हणालो. "दोष मशीनमध्ये आहे. मला माहीत होता. तुमच्यापासून लपवला."

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवीन पट्ट्या फोडल्या. वीस मिनिटं लागणार होती. तो माणूस खिडकीची जाळी धरून उभा. उशीर झाला तर त्याची बायको जाईल आणि तेही माझ्याच माथी, एवढंच डोक्यात.

दोन्ही चांगल्या निघाल्या. पिशव्या घेऊन तो धावत गेला. तिचं पुढे काय झालं, हे मी रक्तपेढीत विचारलं नाही. धीर झाला नाही.

कंपनीने तो दोष आजवर कबूल केलेला नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे. पण तिच्या नवऱ्याला वीस मिनिटं उभं कंपनीने केलं नव्हतं.