तुळईचा कागद

तुळसाअक्कांनी पदराआडून एक पाकीट काढलं आणि माझ्या मेजावर ठेवलं.

"मालकना जबाब उना, नाना. वाची दखाडा."

पाकीट मी बघताक्षणी ओळखलं. चार दिवसांपूर्वी ते मीच चिकटवलं होतं. आतला कागदही मीच लिहिला होता. अक्कांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे त्यांच्या ध्यानात येण्याचा प्रश्नच नव्हता. उगाचच कचेरीकडे बघत मी चष्मा पुसत बसलो.

हे कसं घडलं ते सांगायला हवं. धुळ्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली आम्ही चारपाच अर्ज लिहिणारे बसायचो. पिटिशन रायटर म्हणत आम्हाला. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते सरकारला किंवा सावकाराला पटेल अशा भाषेत घालायचं, वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. वकिलाला एकाच बाजूने उभं राहावं लागतं. आम्हाला तसं बंधन नव्हतं. सकाळी वादीचा अर्ज लिहायचा आणि दुपारी प्रतिवादीची कैफियत, हे लिंबाखाली रोजचं होतं. न्हाव्याचा वस्तरा कुणाचीही दाढी करतो, तसा आमचा टाक. उलट ज्याच्याकडे दोन्ही बाजूंची माणसं येत, तो मोठा लेखक समजला जाई. माझ्याकडे येत. मला त्याची घमेंड होती.

तुळसाअक्का भाड्याच्या घरात राहत. नवरा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायला जाई. घर धाब्याचं, म्हणजे वर कौलं नाहीत. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. अशा घराचा सगळा जीव तुळईत असतो. आतल्या खोलीची तुळई मधोमध वाकली होती आणि तिच्यातून भुसा गळत होता. घराचे मालक जळगावला राहत. दोन वर्षं तोंडी निरोप जात होते, वर्षाआड घालायची मातीसुद्धा पडली नव्हती. आता अक्कांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती. घरात बाळंतिणीला निजवण्याजोगी तेवढी एकच खोली.

"मनी आंडेर तठेच निजनार शे," अक्का म्हणाल्या होत्या. "चांगला कागद लिखा."

मी लिहिला. मोडीत लिहिला, झोकदार लिहिला, 'मेहेरबान मालकसाहेबांचे सेवेशी' वगैरे सगळं घातलं. पत्र जळगावला गेलं.

मालकांनी ते धुळ्यातल्या आपल्या दिवाणजींकडे धाडून दिलं: तिथल्या तिथे उत्तर देऊन टाका. दिवाणजी भला माणूस, पण आळशी. ते सरळ माझ्याकडे आले. माझंच पत्र माझ्यापुढे टाकून म्हणाले, "नाना, ह्या बाईचं तोंड बंद होईल असं काही लिहा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हे पत्र माझं आहे. मी काय केलं? हसलो. मला तो डाव वाटला. स्वतःचाच मुद्दा स्वतः खोडून काढायचा, यात कसब होतं. अक्षर कुणी ताडू नये म्हणून जबाब बाळबोधीत लिहिला. भाडेकरूने धाब्यावर माती घालण्यात कुचराई केली, चुलीचा धूर कोंडवला, विनाकारण तक्रारी केल्या, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी आमच्या धंद्यातलं एक ठरलेलं वाक्य घातलं: 'खात्रीचे इसमामार्फत पाहणी करविली असता सदरहू तुळई शाबूत असल्याचे आढळून आले.'

दिवाणजी वाचून चपापले. "पाहणी कुणी केली?"

"लिहायची पद्धत असते," मी म्हणालो. "त्याशिवाय जबाबाला वजन येत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

तो कागद आता अक्का माझ्याकडून ऐकायला बसल्या होत्या. मी भराभर वाचत सुटलो, कुचराईपाशी आवाज बारीक केला, धुराचा मजकूर गाळला. एवढी लाज मला शिल्लक होती म्हणायची. अक्का रागावतील, रडतील, फार तर मालकाला शिव्या देतील, असं मी धरून चाललो होतो. शेवटचं वाक्य वाचलं तशा त्या पुढे सरकल्या. ते पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे कोनी तरी देखी गया," त्या म्हणाल्या. "मी जिनमा भाकर लई गयथू, तवय उना व्हई. इतलं नीट लिखेल शे, म्हंजे खरंच व्हई. मी उगाच भ्यायी ऱ्हायनू."

ज्या तुळईखाली झोपायला ही बाई दोन वर्षं भीत होती, तिच्याखाली ती आता पोटुशी लेक निजवणार होती. माझ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून.

"तरी एखादा सुतार बोलावून दाखवा, अक्का," मी कसंबसं म्हणालो.

"खात्रीना मानूसनी देखं ना? मंग सुतार कसाले?"

बोलायची हीच वेळ होती. पण शेजारी दोन लेखक बसले होते आणि त्यांचे कान इकडेच होते. अक्का ओरडतील, लिंबाखाली हसू होईल, दिवाणजींकडून मिळणारं काम जाईल, असा सगळा हिशेब मनात झाला. कागदाची घडी घालून मी तो परत दिला. अक्का कितीतरी हलक्या मनाने घरी गेल्या. पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या गल्लीवरून जायचं टाळलं. सुताराला परस्पर पाठवावं, असं रोज मनात यायचं. पण पाठवला नाही.

त्या दिवसांत लेक आली, आणि एका भर दुपारी तुळई बसली. आधी माती गळायला लागली म्हणून अक्कांनी लेकीला दंडाला धरून बाहेर ढकललं. लेक वाचली. चार दिवसांनी शेजारच्या घरात तिची सुखरूप सुटका झाली. अक्कांचा उजवा हात मात्र फळ्यांखाली सापडला आणि मनगटात मोडला.

हे मला लिंबाखाली कळलं आणि दुसऱ्या आठवड्यात अक्का स्वतःच आल्या. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. मला वाटलं, ह्यांना कुणीतरी सांगितलं. पण त्या नेहमीसारख्याच समोर बसल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या:

"नाना, वाईट नका मानू. तुमना कागद चांगलाच व्हता. पन मालकना कागद ज्यानी लिखा, त्यानं लिखेल मानूसले पटस. माले त्यानाकडे लई चला. आते त्यानाकडथून लिखाडसू."

इतक्या वर्षांत माझ्या लिखाणाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

"तो माणूस मीच आहे, अक्का," मी म्हणालो. शेजारचे ऐकत होते. ऐकू दिलं. "आणि तुळई बघायला कुणीही आलं नव्हतं."

अक्कांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मंग तवय काबरं सांगं नही?"

मी टाक उचलला, तर त्या म्हणाल्या, "ठेवा तो. आधी देखाले चला."

मी गेलो. इतकी वर्षं पडक्या भिंती, फुटके बांध आणि वाकलेल्या तुळया लिहिल्या, पण आपण लिहिलेली वस्तू डोळ्यांनी पाहायची माझी ही पहिलीच वेळ. मोडलेल्या तुळईच्या पोटात वाळवीने केलेल्या पोकळीत माझी मूठ सहज गेली. तिथेच उंबऱ्यावर बसून मालकांना दहा ओळी लिहिल्या. आधीचा जबाब मी लिहिला, पाहणी झाली नव्हती, आणि हे कुणापुढेही सांगायला मी तयार आहे, असं शेवटी घालून खाली माझं नाव लिहिलं. आमच्या धंद्यात लेखक कधी असा पुढे येत नाही.

आठवड्याभरात मालक जळगावहून स्वतः आले. त्यांनी नवी सागवानी तुळई घातली. दिवाणजींनी माझ्याकडे येणं सोडलं. ते शेजारच्या लेखकाकडे बसू लागले, आणि त्याच्या कागदांत खात्रीचे इसम पूर्वीसारखेच पाहण्या करत राहिले. माझ्या कागदांतून ते वाक्य गेलं. दोन्ही बाजूंचं काम घेणंही गेलं, आणि त्याबरोबर माझी अर्धी गिऱ्हाइकं.

अक्का मात्र येत राहिल्या. हात वाकडाच जुळला होता. लेकीला खुशालीचं पत्र माझ्याकडूनच लिहवून घेत. दर वेळी मी 'इकडील सर्व क्षेम' असं लिहून वाचून दाखवलं की विचारत:

"देखी उनात का, नाना?"

त्या हसून विचारत. मला कधी हसू आलं नाही. पत्र बाजूला ठेवून मी आधी त्यांच्या घरचं सगळं नीट विचारून घेई, आणि मगच पुढची ओळ लिही.