चार वर्षं बंद न केलेला सर्व्हर

आमच्या गावच्या रुग्णालयात संगणकांचं सगळं रादोयित्सा बघायचा. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, खिशात कायम दोन पेनड्राइव्ह आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया. त्याची खोली माझ्या रक्तपेढीला लागून. बियांची टरफलं तो माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकायचा आणि मी त्याच्यावर रोज डाफरायचे. मला देसांका म्हणतात.

त्याला एकाच गोष्टीची घमेंड होती. रक्तपेढीचा सर्व्हर चार वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता. आमच्याकडे ज्याचं काही चांगलं होतं, त्यानंच चारचौघांना खाऊपिऊ घालायचं असतं. हा पठ्ठ्या दर मार्चमध्ये सर्व्हरच्या नावानं बायकोच्या हातची चीज घातलेली पापुद्र्यांची गिबानित्सा आणि राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन यायचा.

"माझा पोरगा हजार दिवसांचा झाला, खा!"

"आधी त्याला बोलायला शिकव," मी म्हणायचे, आणि दोन तुकडे उचलायचे.

या काळात त्यानं लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे यंत्र उठताना सगळ्यात आधी जागा होणारा गाभा, कितीदा तरी बसवलं. पण नवं कर्नेल कामाला लागतं ते यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरच, आणि ते तर त्यानं कधी केलंच नाही. जुनंच धावत राहिलं. शिवाय डिस्कवरची जागा भरली म्हणून त्या जुन्याच्या फाइलीही त्यानं पुसून टाकल्या होत्या. धावतं यंत्र तेवढ्यानं थांबत नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वीज गेली. जनरेटर फक्त शस्त्रक्रियागृहापुरता. सर्व्हरच्या बॅटरीनं दहा मिनिटं तग धरला आणि मान टाकली. वीज आल्यावर सर्व्हर उठला खरा, पण अर्ध्या मिनिटात काळ्या पडद्यावर थिजला. कर्नेल पॅनिक, म्हणजे गाभ्यानंच हाय खाल्लेली. डिस्कच सापडत नाही म्हणे.

नेमकं तेव्हाच यागोदा नावाच्या एका बाळंतिणीला वर शस्त्रक्रियागृहात नेलं होतं. तिचं दुसरं बाळंतपण. बाळ सुखरूप होतं, पण रक्त थांबत नव्हतं. पहिल्या खेपेला रक्त चढवलं तेव्हा ते तिच्या अंगावर उलटलं होतं. कुठलं रक्त तिला चालत नाही याची नोंद फक्त त्या सर्व्हरवर होती. परक्या रक्ताशी असलेलं असं वैर काही वर्षांनी चाचणीत दिसेनासं होतं, अंगात मात्र दबा धरून असतं. कागदी कार्डं तळघरातल्या ओलीनं कधीच कुजली होती. फ्रिजमध्ये तिच्या गटाच्या सहा पिशव्या होत्या आणि त्यातली कुठली तिच्या जिवावर उठेल हे मला सांगता येत नव्हतं.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई वुकोसावा होत्या. "देसांका, पिशवी कुठाय?"

"नोंद उघडत नाही, बाई. वीस मिनिटं द्या."

"पंधरा देते. मग हाताला लागेल ती लावणार."

मी शेजारच्या खोलीत धावले. "रादोयित्सा, पंधरा मिनिटं!"

"ऐकू आलं मला. डोक्यावर उभी राहून ओरडू नकोस."

यादीत दोन कर्नेलं होती. त्यानं एक लावून पाहिलं, मग दुसरं. दोन्हींनी तेच रडगाणं गायलं. मग पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं यंत्र उठवून तो डिस्कमध्ये शिरला.

"नोंदी शाबूत आहेत," तो म्हणाला.

"मग वाच ना मेल्या!"

"कुलूपबंद आहेत. यंत्र स्वतःच्या पायांवर उठल्याशिवाय किल्ली मिळत नाही."

दोष सापडला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक कर्नेलच्या जोडीला एक छोटं गाठोडं असतं, डिस्क ओळखायची हत्यारं त्यात असतात. जागा संपल्यामुळे एक गाठोडं अर्धवट लिहिलं गेलं होतं आणि दुसरं साफ रिकामं.

"एक कर्नेल पुसावं लागेल, तरच दुसऱ्याच्या गाठोड्याला जागा होईल."

"मग पूस!"

"कुठलं, देसांका? यातलं एकही चालताना मी कधी पाहिलेलं नाही."

त्याचं बोट कळीवर अडून राहिलं होतं. मला त्या माणसाची इतकी भीती कधी वाटली नव्हती. त्यानं दोन्हींतलं नंतरचं पुसलं, उरलेल्याचं गाठोडं बांधलं आणि यंत्र चालू केलं. ओळी सरसर वर गेल्या. मग थांबल्या. डिस्कची तपासणी सुरू झाली होती. चार वर्षांत एकदाही झाली नव्हती, ती आत्ता. एकतीस टक्के.

पुन्हा फोन. "तिचा दाब उतरतोय. पिशवी घेऊन ये."

मी फ्रिजमधली पुढची पिशवी उचलली आणि दारात उभी राहिले.

"तपासणी तोडू का?" रादोयित्सानं विचारलं.

"तोडली तर?"

"नोंदी फाटू शकतात."

"नको." मी पिशवी छातीशी धरली होती. साठ टक्के. ब्याऐंशी. वर बाईचा जीव जात होता आणि मी आकडे वाचत होते.

"उठला!"

मी नाव टाकलं. नोंद उघडली. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं. हातात होती ती पिशवी यागोदाला चालणारी नव्हती. सहापैकी दोनच चालणाऱ्या होत्या. त्या घेऊन मी जिन्यानं पळत सुटले.

यागोदा वाचली.

संचालकांनी लेखी खुलासा मागितला. रादोयित्सानं तीन ओळी लिहिल्या: यंत्र चार वर्षं मुद्दाम बंद केलं नाही. फुशारकीपायी. जबाबदार मी एकटा. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

खरी गोष्ट अशी, की दर वर्षी एकदा तो माझ्या दारात येऊन विचारायचा, "देसांका, अर्धा तास बंद करून बघू का?" आणि दर वेळी मी म्हणायचे, "खबरदार! माझं काम खोळंबतं." यातलं एक अक्षर त्यानं लिहिलं नव्हतं.

"हे काय लिहिलंयस? मी नाही म्हणायचे ते कुठाय?"

"तुझी पेन्शन दोन वर्षांवर आली आहे," तो म्हणाला. "कर सही."

मी केली. महिनाअखेरीस त्याला घरी बसवलं.